गुहागरला जाऊन फारसे काही न पाहता राहायचे आहे

निशिगंध

मार्गशीर्षात आमचे कुटुंब कोकणात जाणार आहे. आम्ही दोघे, माझे आईवडील आणि चौथीत शिकणारी मुलगी असे पाच जण आहोत. याआधीच्या आमच्या कोकणवाऱ्यांचा साचा ठरलेला असे. सकाळी लवकर आवरून गाडीत बसायचे, दुपारपर्यंत तीन देवळे आणि एक किल्ला उरकायचा, जेवायला जागा शोधत हिंडायचे आणि समुद्र बहुतेक वेळा गाडीच्या काचेतूनच पाहायचा. वडिलांच्या गुडघ्यांना ती दगदग आता झेपत नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही त्यात सुट्टी घेतल्यासारखे कधी वाटले नाही.

म्हणून यंदा एकच गाव धरून राहायचे ठरवले आहे. अलिबाग-काशीदच्या बाजूला शनिवार-रविवारी जी गर्दी लोटते ती नको आहे. गुहागर त्यापेक्षा लांब आहे, किनारा सलग आणि मोठा आहे, आणि गाव समुद्राला लागूनच असल्यामुळे वडिलांना चालत किनाऱ्यावर जाता येईल, असे ऐकून ते नाव पक्के केले आहे. प्रश्न असा की दिवसभर गाडी न काढता तेथे राहता येते का? दुपारी काय करावे? वडिलांना मासे हवेत आणि आई शाकाहारी आहे, तर दोघांची सोय एकाच घरी होईल का? प्रेक्षणीय स्थळांची यादी कृपया देऊ नये, ती आमच्याकडे तोंडपाठ आहे.

आगरवासी

माझे घर गुहागरातच आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हे गाव एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वसले आहे. रस्ता समुद्राला समांतर जातो, मधल्या भागात बाजारपेठ, व्याडेश्वराचे देऊळ आणि एसटी स्थानक आहे, आणि दोन टोकांना वरचा पाट आणि खालचा पाट अशा वस्त्या आहेत. रस्त्याच्या पश्चिमेकडील घरांच्या मागे नारळ-पोफळीची आगरे आहेत आणि आगर संपले की सुरूची झाडे, त्यापलीकडे वाळू. म्हणून राहण्याची जागा ठरवताना एवढे एकच विचारावे : घर रस्त्याच्या समुद्राकडील बाजूला आहे का आणि आगरातून थेट पुळणीवर उतरता येते का? उत्तर होय असेल तर वडिलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही आणि गाडीची किल्ली पिशवीत पडून राहिली तरी चालेल. खोलीतून समुद्र दिसतो की नाही याला महत्त्व देऊ नये. आगरातल्या घरांतून तो बहुधा दिसत नाही, रात्री ऐकू मात्र येतो.

दुपारचे विचारलेत, तर गावच दुपारी मिटलेले असते. एकच्या सुमाराला बरीच दुकाने बंद होतात ती चारनंतर उघडतात. शहरातून आलेल्या पाहुण्यांना याचा राग येतो, पण तुम्ही ज्या कारणासाठी येत आहात त्याला ही वेळ सोयीचीच आहे. जेवून पडवीत आडवे व्हावे. मार्गशीर्षात आगरात सावली गार असते आणि त्याच दिवसांत बहुतेक अंगणांत सुपारी वाळत घातलेली दिसते. मुलीला पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाशी असलेले रुंद आवरण, गळताना पाहायला मिळाली तर ती विसरणार नाही. वारा नसताना वरून काहीतरी सुटते, पानांवर आपटत येते आणि हातभर लांबीची ती विरी झावळीसकट जमिनीवर धप्पकन पडते. घरातले कोणी मान वर करूनही पाहत नाही. संध्याकाळच्या शिपण्याच्या वेळी विहिरीचा पंप सुरू झाला की पाटाने पाणी एकेका आळ्यात फिरवले जाते. तुमच्या मुलीने घरमालकांना विचारले तर पाणी वळवायचे काम ते तिला आनंदाने देतील.

एक सूचना गंभीरपणे घ्यावी. गाडी माडाखाली लावू नये. नारळ पडून काच फुटली की सुट्टीतला एक दिवस चिपळुणात जातो.

धोपटमार्गी

मी वेगळे मत मांडतो. गुहागर सुंदर आहे यात वाद नाही, परंतु लहान मूल बरोबर असताना एकाच किनाऱ्यावर इतके राहणे कठीण जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘आता काय करायचे’ हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा मालवणला जावे. तेथे होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाता येते, तारकर्लीला पाण्यातले खेळ आहेत, बाजार मोठा आहे आणि खाण्याचे पर्याय अधिक आहेत. निवांतपणा हवा असेल तेव्हा तोही मिळतो आणि कंटाळा आला तर उपाय जवळ असतो.

पाखाडी

धोपटमार्गी यांचे म्हणणे मालवणपुरते बरोबर आहे, पण धागाकर्तीने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. उपाय जवळ असले की माणूस ते करत सुटतो. पाण्यातल्या खेळांची वेळ गाठायची, होडीची रांग धरायची, आणि मग पुन्हा तीच धावपळ सुरू होते. गुहागरात करण्यासारखे थोडेच आहे, म्हणून ते सावकाश करता येते. मला तरी त्या गावाचा हाच मोठा गुण वाटतो.

मुलीच्या कंटाळ्याबद्दल सांगायचे तर तिला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत नेऊन बसवावे. तेथे बारीक खेकडे असतात. पाणी मागे हटले की ते बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यातला खाण्याजोगा अंश काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. थोड्याच वेळात बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी तयार होते. पाऊल वाजले की सगळे आत पळतात. हालचाल न करता बसले तर एकेक जण पुन्हा डोकावतो. माझ्या भाच्याने यात अख्खी सकाळ घालवली होती आणि त्याला जेवायला ओढून न्यावे लागले होते.

परदेशी माड

आमचे कुलदैवत व्याडेश्वर. मी न्यू जर्सीत राहतो आणि भारतात आलो की गुहागरला जाऊन येतो. अभिषेक, प्रसादाचे जेवण, दुर्गादेवीची ओटी आणि दुपारी परत, असाच तो प्रवास असतो. चित्पावनांतल्या अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे देवळाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांचा कार्यक्रम हाच असतो. हा धागा वाचून प्रथमच लक्षात आले की इतक्या वर्षांत मी तेथे रात्री मुक्काम केलेलाच नाही.

पाखाडी

मग पुढच्या वेळी अवश्य मुक्काम करा, कारण ते देऊळ सकाळी लवकर, बाहेरगावच्या गाड्या येण्याआधी पाहावे. व्याडेश्वराचे शिवपंचायतन आहे. मध्ये शंकराचे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत इतर देवतांची लहान देवळे अशी रचना आहे. पहाटेच्या वेळी आवारात फुले काढणारे आणि पूजेची तयारी करणारे लोक तेवढे असतात. आईंना तेथे बसून जप करायचा असेल तर याहून चांगली वेळ नाही. उफराट्या गणपतीचे देऊळही गावातच आहे. समुद्र गावावर चालून आला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेला हा गणपती पश्चिमेकडे वळला आणि समुद्र मागे हटला, अशी त्याची कथा सांगतात. मुलीला ती कथा तेथेच, मूर्तीसमोर उभे राहून सांगावी.

वाशिष्ठीकाठ

जेवणाबद्दल लिहितो. आईवडिलांची सोय एकाच घरी होईल का, हे आरक्षण करतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. गुहागरात कित्येक घरगुती खाणावळींत मासे शिजत नाहीत, आणि ज्या घरांत शिजतात तेथे शाकाहारी ताट मिळते, पण वेगळ्या भांड्यांची अपेक्षा असेल तर ती आधी सांगावी लागते. सर्वांत सोपा मार्ग असा की शाकाहारी घरी राहावे आणि वडिलांचे दुपारचे मासे बाहेर ठरवावेत. वेलदूर-नवानगर ही मासेमारी करणाऱ्या खारवी मंडळींची वस्ती जवळच आहे. मार्गशीर्षात मासेमारी जोरात चालू असते, त्यामुळे ताजी मासळी मिळण्याची अडचण येत नाही. पावसाळ्यात मात्र १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि तेव्हा ताटात आलेली सुरमई कोठून आली हे विचारावेच.

आदल्या रात्री सांगण्याची पद्धत पाळावी, हे दुसरे. येथे सकाळी अकरा वाजता जाऊन बाराचे जेवण मागितले तर मिळेलच असे नाही. मोदक हवे असतील तर नारळ खवण्यापासून तयारी असते. ‘उद्या दुपारी पाच पाने, त्यांत एक माशाचे’ एवढे रात्री सांगितले की घरच्या बाईला बाजार आणि चूल दोन्हींचा अंदाज येतो. सकाळच्या न्याहारीला पाव-ऑम्लेट मागू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. घावन आणि ओल्या नारळाची चटणी, आंबोळी, मेतकूट-भात यांपैकी जे घरात असेल ते घ्यावे. रात्री कुळथाचे पिठले, भात आणि आमसुलाचे सार मिळाले तर वडील दुपारचे मासेसुद्धा विसरतील.

आगरवासी

वाशिष्ठीकाठ यांच्याशी सहमत आहे, फक्त शेवटच्या वाक्याशी नाही. मासे खाणारा माणूस मासे विसरत नसतो.

धोपटमार्गी

बरे, मी माघार घेत नाही पण एक तडजोड सुचवतो. राहा गुहागरातच, परंतु एक अर्धा दिवस फेरीबोटीसाठी ठेवा. धोपाव्याहून दाभोळला जाणारी ही बोट वाशिष्ठीच्या मुखातून पलीकडे जाते. लोक ती दापोलीकडे गाडी नेण्यासाठी वापरतात आणि पलीकडे लागली की गाडीत बसून निघून जातात. तुम्ही गाडी धोपाव्यालाच ठेवून नुसते प्रवासी म्हणून जा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, मध्ये मासेमारीच्या होड्या, आणि शेजारी दुचाकीवर बसूनच प्रवास करणारे रोजचे लोक. पलीकडे चहा घ्यावा, धक्क्याजवळच आदिलशाही काळातली जुनी मशीद आहे ती पाहावी आणि पुढच्या बोटीने परतावे. याला स्थळदर्शन म्हणत असाल तर म्हणा.

निशिगंध

हे फारच आवडले. वडिलांना बोटीचे आकर्षण आहे आणि यात चढउतारही नाही. आता एक नवा प्रश्न. मुलीने कासवांच्या पिल्लांबद्दल शाळेत ऐकले आहे. ती डिसेंबरात दिसतील का?

सागरवेल

डिसेंबरात पिल्ले दिसण्याची शक्यता फार थोडी आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला सुमारे दीड ते दोन महिने लागतात. त्यामुळे पिल्ले समुद्रात सोडताना पाहायची असतील तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत यावे. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम वेळासला सुरू झाले आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ते नावारूपाला आणले. मात्र गेल्या काही हंगामांत घरट्यांच्या संख्येत गुहागरचा किनारा पुढे आहे.

तरीही मुलीला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रे बसवून त्यांना समुद्रात सोडले होते. त्यांची नावे बागेश्री आणि गुहा. त्यांपैकी बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा दाखलाही आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी राहतात ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली. वाळूत जाळीने कुंपण घातलेली जागा दिसली तर ती अंड्यांची आहे हे ओळखावे, आत पाऊल टाकू नये आणि तेथील कासवमित्र हजर असतील तर त्यांच्याशी मुलीला बोलू द्यावे.

याच कारणासाठी एक विनंती सर्वांनाच आहे. किनाऱ्यावर गाडी उतरवू नये. चाकांनी वाळू दबते, घरटी धोक्यात येतात आणि भरतीत अडकलेली गाडी ओढून काढण्याचा तमाशा गावाला फुकट पाहायला मिळतो. रात्री किनाऱ्यावर प्रखर दिवे लावून बसणेही टाळावे, कारण उजेडाने मादी पाण्यातूनच परत फिरू शकते.

खडकाळ

प्रवासाचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पुण्याहून येत असाल तर उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळुणात उतरावे. चिपळूण ते गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. औषधे आणि रोख पैसे चिपळुणातच घेतलेले बरे. काही राहिलेच तर वाटेत शृंगारतळीची बाजारपेठ लागते. आईवडिलांना घाट त्रासदायक होत असेल तर कोकण रेल्वेने चिपळूणपर्यंत येऊन पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी करता येते. तुम्हाला गाडी काढायचीच नाही, तर ती बरोबर आणायचा अट्टहास कशाला?

निशिगंध

तो विचार मनात आला होता, परंतु वडिलांची खुर्ची आणि आईची निम्म्या स्वयंपाकघराएवढी पिशवी पाहता गाडी लागेलच. निघायचे पक्के झाले आहे. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला दुपारी पोहोचू आणि दत्तजयंती तेथेच करून निघू. शेवटची शंका अशी की वडिलांना पाण्यात पाय बुडवून चालायचे आहे. समुद्र त्या दृष्टीने कसा आहे? आणि हेदवीची बामणघळ पाहावी असा आईचा एकच हट्ट आहे. तेवढा अपवाद आम्ही करणार आहोत.

भरतीओहोटी

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशोबात आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीचा ठोकळ तास मिळतो, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तितक्याच वेळाने दुसरी भरती. वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे होते, पण फिरण्यासाठी एवढा अंदाज पुरतो. तुमची एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी अडीचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तुम्ही पोहोचून सामान लावेपर्यंत पाणी पुन्हा चढू लागलेले असेल, म्हणून त्या संध्याकाळी वडिलांनी कोरड्या वाळूवर खुर्ची टाकून बसावे. त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमारास येते. पाय बुडवून चालण्यासाठी तो दिवस उत्तम, कारण ओली, घट्ट वाळू रुंद पसरलेली असते आणि गुडघ्यांवर ताण येत नाही.

पोहण्याविषयी मात्र स्पष्ट सांगतो. गुहागरचा समुद्र उघडा आहे, काही ठिकाणी पाण्याखाली वाळूचा उतार एकदम खोल जातो, आणि येथे बाहेरगावचे लोक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. मुलीला घोट्याएवढ्या पाण्यापुढे, विशेषतः पाणी उतरत असताना, जाऊ देऊ नये. कोठे उतरावे हे घरमालकांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटलेल्या जागी अजिबात उतरू नये. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो तेव्हा पाणी शांत दिसते, तर दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा वाढतात. त्यामुळे सकाळच्या रूपावर विसंबू नये.

आता बामणघळ. खडकातली ती अरुंद चीर आहे आणि भरतीचे पाणी तिच्यात घुसून वर उसळते, तेच पाहायचे असते. ओहोटीला गेलेली माणसे कोरडी भेग पाहून नाराज होऊन परततात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, म्हणून चतुर्दशीला जावे. चौदाची पाऊणपट साडेदहा. न्याहारी करून नऊला निघालात तर हेदवीच्या दशभुज गणेशाचे दर्शन आधी होईल आणि बरोबर वेळेवर घळीपाशी पोहोचाल. खडक शेवाळाने निसरडा असतो, त्यामुळे वडिलांनी आणि मुलीने लांबूनच पाहावे. तेथून परतून दुपारचे जेवण गुहागरातच घेता येते, मात्र ते आदल्या रात्री सांगून ठेवायला विसरू नये.

दत्तजयंतीला पौर्णिमा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येईल आणि सूर्यास्तही त्यानंतर लगेच आहे. दत्तजन्म सूर्यास्तालाच असतो, त्यामुळे आईंना देवळात जायचे असेल तर किनाऱ्यावरची फेरी साडेचारलाच उरकावी, नाहीतर दोघांपैकी एकाला एकट्याने जावे लागेल.